एका कोशाचे दोन धनी

ऱ्हस्व-दीर्घ हा शाळेतल्या बाईचा जन्माचा सोबती. 'दिन' आणि 'दीन' यांतला फरक समजावून सांगता सांगता माझे केस पिकू लागले. तरी दर साली नव्या वर्गात कोणीतरी 'स्वातंत्र्यदीन' लिहून ठेवतोच. म्हणूनच, युरोपच्या वरच्या अंगाला, बाल्टिक समुद्राच्या काठी एक अशी भाषा नांदते की जिच्यात 'कझस' म्हणजे शेळ्या आणि 'काझस' म्हणजे लग्न, हे मी वाचले तेव्हा त्या भाषेविषयी मला एकाएकी घरची आपुलकी वाटू लागली. पत्रिका लिहिणारा अक्षराच्या डोक्यावरची एक आडवी रेघ विसरला, की आप्तेष्ट मंडळी शेळ्यांना आहेर घेऊन हजर! तिथल्या मास्तरांची बोटेही माझ्यासारखीच लाल शाईने माखत असतील.

ही भाषा लॅटव्हियन. तिच्याशी माझी गाठ पडली ती रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकवाल्यापाशी. मी आपली कादंबऱ्या धुंडाळायला गेले होते. हाती आले ते जगातल्या भाषांची हकिकत सांगणारे, कव्हर गेलेले एक इंग्रजी पुस्तक. माझे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेले नाही. भाषाशास्त्राचे मोठे मोठे शब्द आले की मी पान उलटते. पण त्या पुस्तकात दोन माणसांची नावे भेटली आणि ती काही केल्या मनातून जाईनात. माझी एक जुनी विद्यार्थिनी सध्या जर्मनीत असते. तिच्यामागे मी लकडा लावला. ती बिचारी सुट्टीच्या दिवशी ग्रंथालयात जाते, पाने चाळते, आणि रात्री फोनवर मला त्यांचा अर्थ सांगते. मध्ये एकदा म्हणाली, "बाई, तुम्ही आता लॅटव्हियन कादंबरी लिहिणार की काय?" मी म्हटले, "नाही गं बाई. एक लिहिलेली आहे, तीच समजून घेते आहे."

लॅटव्हिया हा देश लहान. तिथली भाषा मायबोली म्हणून बोलणारी माणसे सुमारे पंधरा लाख. आपल्याकडे २०११ च्या शिरगणतीत मराठी बोलणारे आठ कोटी तीस लाख भरले. म्हणजे आपल्या पंचावन्न माणसांमागे त्यांचे एक. शेकडो वर्षे या लोकांवर जर्मन जमीनदारांचा अंमल होता, आणि अठराव्या शतकापासून त्यांच्याही डोक्यावर रशियाचा झार. शेतकरी लॅटव्हियन बोलायचे, जमीनदार आणि पाद्री जर्मन. शिकायचे म्हणजे जर्मन व्हायचे, असाच त्या काळी समज होता.

अशा भाषेची पहिली व्याकरणे आणि कोश परक्यांनी करावेत यात नवल नाही. १६३८ साली गेओर्ग मान्सेलियुस या जर्मन पाद्र्यांनी लॅटव्हियनचा पहिला कोश छापला. आपल्याकडे फादर स्टीफन्स यांचे कोकणीचे व्याकरण रायतूरला छापले गेले १६४० साली. दोन वर्षांचे काय ते अंतर! पुढे स्टेंडर नावाच्या दुसऱ्या पाद्र्यांनी १७६१ मध्ये व्याकरण केले आणि १७८९ मध्ये मोठा कोश केला. या स्टेंडरसाहेबांची मला मोठी मौज वाटते. आयुष्यभर हा जर्मन माणूस शेतकऱ्यांच्या भाषेत इतका मुरला की त्यांच्या थडग्यावर नावापुढे 'लॅटव्हियन' असे लिहिलेले आहे. आमच्या मोल्सवर्थसाहेबांनीही १८३१ साली मराठीची अशीच अलोट सेवा केली. पण पाहुण्याने कितीही निगुतीने घर आवरले, तरी माळ्यावरच्या कुठल्या डब्यात काय आहे ते घरच्यांनाच ठाऊक असते. कधीतरी घरच्या माणसाला स्वतः माळ्यावर चढावे लागते.

असे चढलेले पहिले घरचे माणूस म्हणजे कार्लिस मीलेनबाख्स. जन्म १८५३ चा, कुर्लंड प्रांतातल्या कांदावा गावाकडचा. तार्तूच्या विद्यापीठात त्यांनी ग्रीक-लॅटिनचा अभ्यास केला आणि उभी हयात मास्तरकी केली. येल्गावाला काही वर्षे, मग रीगाला. होमरचे 'ओडिसी' त्यांनी आपल्या भाषेत आणले. नावाच्या शेवटी हा जो 'स' दिसतो आहे ना, तो त्या भाषेचा कुळाचार. पुरुषाचे नाव आले की त्याला बहुधा 'स' लागायचाच. मग तो परका का असेना! शेक्सपिअर तिथे 'शेक्सपिर्स' होतात, आणि आपले रवींद्रनाथ 'रबिन्द्रनात्स'. हसू नका, या रबिन्द्रनात्सांचे लेखन त्या चिमुकल्या भाषेत १९२७ ते १९३९ या काळात नऊ खंडांत निघाले. आठ कोटींच्या भाषेने मनाशी हिशेब करून पाहावा.

मीलेनबाख्स यांना दिवसभर मुलांना शिकवायचे असे, आणि रात्री शब्द वेचायचे असत. त्यासाठी त्यांना एक मोठी खाण उपलब्ध होती. क्रिश्यानिस बारोन्स नावाच्या गृहस्थांनी लॅटव्हियन लोकगीते, ज्यांना तिथे 'दाइना' म्हणतात, एकत्र करायचे काम अंगावर घेतले होते. ही गीते बहुधा चारच ओळींची. आपल्या जात्यावरच्या ओवीची बहीणच म्हणा ना. गावोगावचे लोक ती कागदाच्या चिटोऱ्यांवर लिहून पाठवीत, आणि ती ठेवायला बारोन्स यांनी खणाखणांचे एक कपाटच करून घेतले होते. १८९४ ते १९१५ या काळात त्यांनी २,१७,९९६ गीते छापली. कोशात शब्द घालायचा तर तो कोणी कसा वापरला हे दाखवावे लागते, आणि जिथे पुस्तकी वाङ्मय कालपरवाचे, तिथे साक्षीला उभी राहते ती जात्यावरची नाहीतर गाईंमागे फिरणारी बाई. मीलेनबाख्स यांनी शब्दाशब्दाला ही साक्ष काढली.

त्यांना मदतीला मिळाला एक तरुण, वयाने बरोबर वीस वर्षांनी लहान. यानिस एन्ड्झेलीन्स. १८७३ साली वाल्मिएरा शहराजवळच्या काउगुरी भागात शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला. या मुलुखाचे एक वैशिष्ट्य सांगायलाच हवे. लॅटव्हियनमध्ये लांब उच्चाराच्या अवयवाला चढउताराची एक लकब असते: कधी आवाज सरळ ताणलेला, कधी उतरता, कधी मध्येच मोडलेला. बहुतेक ठिकाणी या तीनांच्या दोनच उरल्या आहेत. पण वाल्मिएराच्या बाजूला तिन्ही शाबूत आहेत. 'लुओक्स' असा एकच कानी पडणारा शब्द. एका लकबीने म्हटला तर कांद्याची पात, दुसरीने लाकडी कमान, तिसरीने खिडकी. एन्ड्झेलीन्स यांना हे आईच्या मांडीवरच मिळालेले होते. विद्यापीठात गेल्यावर त्याच लकबींवर त्यांनी पहिले लेख लिहिले. परगावच्या विद्वानाला जे जन्मभर कान देऊनही पकडता आले नसते, ते या शेतकऱ्याच्या पोराच्या कानात आधीच भरलेले होते.

दोघांनी मिळून १९०७ मध्ये लॅटव्हियन व्याकरण काढले, तेही लॅटव्हियन भाषेतच. पाठोपाठ १९०८ साली शुद्धलेखनाचा प्रश्न हाती आला. तोवर ही भाषा जर्मनांच्या टोकदार गॉथिक लिपीत आणि जर्मनांच्याच रीतीने लिहीत असत. स्वर लांबवायचा तर त्याच्यामागे एक हकार चिकटवायचा. 'श' लिहायचा तर तीन अक्षरे खर्ची पडत. रीगाच्या लॅटव्हियन समाजाने समिती नेमली. मीलेनबाख्स तिचे प्रमुख. समितीने सांगितले, साधी रोमन अक्षरे घ्या, लांब स्वरावर एक रेघ द्या, 'श'साठी 's' या एकाच अक्षराच्या डोक्यावर खूण करा, की झाले. हे ऐकून लोक चिडलेच. जुन्या प्रार्थनापुस्तकाचे अक्षर ते पवित्र अक्षर, असे आजीला वाटतच असते. आपल्याकडे मोडी जाऊन बाळबोध आली तेव्हा काय कमी हळहळ झाली? पण देश स्वतंत्र झाल्यावर हीच रीत तिथे रूढ झाली, आणि शेळ्यांपासून लग्न वेगळे काढणारी ती रेघ आजही अक्षरांच्या डोक्यावर आहे.

इथवर सगळे सुरळीत होते. मग १९१४ ची लढाई आली. १९१५ मध्ये जर्मन फौजा कुर्लंडमध्ये घुसल्या, आणि लाखो लॅटव्हियन माणसे घरेदारे सोडून निघाली. मीलेनबाख्सही निघाले. एस्टोनियातल्या व्होरू या गावी ते निर्वासित म्हणून राहिले आणि तिथेच २७ मार्च १९१६ रोजी वारले. वय त्रेसष्ट. कोशाचे काम हातातच होते. ते ज्या शब्दापाशी थांबले तो शब्द नोंदलेला आहे: 'पतुम्श'.

'तुम्श' म्हणजे काळोखा. मागे 'प' लावला की त्याची धार थोडी बोथट होते. आपण काळ्याला 'सर' जोडून काळसर करतो, लांबाला 'ट' जोडून लांबट करतो, तेच ते त्या 'प'ने साधतात. म्हणजे पतुम्श हे जरासे अंधारलेले, दिवेलागणीच्या आधीचे. कादंबरीत मी हा प्रसंग लिहिला असता तर संपादकांनी समासात 'जरा जास्त होते आहे' असे लिहून परत पाठवला असता. पण वर्णमालेला कसली आली कादंबरी! त्या दिवशी तो शब्द पुढ्यात होता, एवढेच.

माझी विद्यार्थिनी त्या कोशाचे खंड पुढ्यात घेऊन बसली तेव्हा मी तिला सांगितले, "रेघेच्या अलीकडे काय काय आहे ते सांग, आणि पलीकडे काय राहिले तेही." तिने शब्द वाचले. अलीकडे होते अत्स, म्हणजे डोळा. ब्रालिस, भाऊ. दिएव्स, देव. दिएना, दिवस. गोव्स, गाय. माते, आई. मेदुस, मध. नक्त्स, रात्र. एवढी शिदोरी मीलेनबाख्स बांधून गेले. पलीकडे राहिले होते साउले, सूर्य, सिर्द्स, हृदय, तेव्स, बाप, ऊदेन्स, पाणी, उगुन्स, अग्नी, वार्द्स, शब्द, झेमे, भूमी.

यातले कितीतरी शब्द ऐकून आपले कान टवकारतात, नाही? त्या कोशातही पुष्कळ शब्दांखाली 'प्राचीन भारतीय' अशा अर्थाची एक संक्षिप्त खूण करून संस्कृत रूपे दिलेली आहेत. मधाखाली मधु, धुराला तिकडे दूमि म्हणतात तर तिथे धूम. बैलाच्या मानेवरचे जू तिथे 'यूग्स' होते. आपले जू 'युग'वरून आले, त्यांचे त्याच घराण्यातून. इथे आपल्याकडचा कोणीतरी लगेच मांडी ठोकून म्हणणार, पाहा, संस्कृतच साऱ्या जगाची आई! तसे ते नाही. ही मावसबहिणींची घरे आहेत. आजी एक होती, ती कधीच गेली, आणि तिचे बोल दोन्ही घरांत थोडेथोडे उरले. आई म्हणून मिरवण्यापेक्षा एवढ्या दूरच्या मावशीच्या घरी आपलाच मध आणि आपलेच जू सापडावे, हेच मला अधिक गोड वाटते.

तर पाणी, सूर्य, अग्नी, भूमी, सगळे पाठीमागे टाकून मास्तर गेले. एन्ड्झेलीन्स त्या वेळी त्रेचाळीस वर्षांचे. १९०९ पासून ते खार्कोव्हच्या विद्यापीठात शिकवीत होते. आता युक्रेनमध्ये आहे ते. स्वतःच्या नावाचा माणूस झालेले. लॅटव्हियन शब्दयोगी अव्ययांवरचा त्यांचा ग्रंथ आणि स्लाव्ह व बाल्टिक भाषांच्या नात्यावरचा ग्रंथ, दोन्ही रशियन भाषेत प्रसिद्ध झालेले. पुढे १९२२ मध्ये त्यांचे लॅटव्हियनचे मोठे व्याकरण निघाले ते जर्मन भाषेत. हेच व्याकरण त्यांच्या मायबोलीत छापून आले १९५१ साली. तेव्हा त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर होते. आपल्या आईविषयी आपण शेजाऱ्यांच्या भाषेत बोलत राहायचे, कारण विद्वानांची सभा शेजाऱ्यांच्या ओसरीवर भरते. हे दुखणे आपल्यालाही ओळखीचे आहे.

असा हा माणूस १९२० मध्ये स्वतंत्र झालेल्या लॅटव्हियात परतला, रीगाच्या नव्या विद्यापीठात बाल्टिक भाषांचा प्राध्यापक झाला, आणि दुसऱ्याचा कोश पुरा करायला बसला. एवढ्या विद्वत्तेच्या माणसाने नवा कोश स्वतःच्या नावावर सुरू केला असता तर कोण नावे ठेवणार होते? जुन्या मजकुराला तर त्यांनी अगदी 'अ'पासून हात लावला, भर घातली, लकबींच्या खुणा केल्या, गावोगावची रूपे दिली. १९२३ ते १९३२ या काळात चार खंड निघाले. मग एडिटे हाउझेनबर्गा या आपल्या विद्यार्थिनीसह पुरवण्यांचे दोन खंड. त्यांतला शेवटला भाग १९४६ चा. लाखाहून अधिक शब्द, आणि एका माणसाच्या आयुष्यातली निदान पंचवीस वर्षे. मुखपृष्ठावर मात्र लिहिले आहे: कार्लिस मीलेनबाख्स यांचा लॅटव्हियन भाषेचा कोश. त्याखाली, संपादन करणारा, भर घालणारा, पुढे नेणारा, यानिस एन्ड्झेलीन्स.

लॅटव्हियन भाषेत 'वार्द्स' म्हणजे शब्द, आणि 'वार्द्स' म्हणजेच माणसाचे नावही. तो शब्द रेघेच्या पलीकडचा, एन्ड्झेलीन्स यांच्या वाटणीचा. मी कादंबरी लिहिणारी बाई आहे. नावाचा लोभ काय असतो ते मला विचारा. पुस्तकाच्या पाठपुठ्ठ्यावर माझे नाव बारीक छापले म्हणून मी प्रकाशकांशी दोन पत्रे लिहून भांडले आहे. दुसऱ्याच्या अर्ध्या कादंबरीतला पुढचा एक परिच्छेद लिहून द्या, आणि तोही त्याच्या नावावर, असे कोणी म्हटले तर मला त्या दिवशी हटकून डोकेदुखी व्हायची.

म्हणजे व्हायची असे मला वाटत होते. आमच्या घरात एक वही आहे. माझे मामंजी कोकणातले शेतकरी. शिक्षण चौथीपर्यंत, पण अक्षर मोत्यासारखे. शेतातले, घरातले शब्द मुलांना आता कळेनासे झाले म्हणून त्यांनी एका जुन्या खतावणीच्या कोऱ्या पानांवर ते लिहायला घेतले होते, वर्णमालेच्या क्रमाने. इरले, कणगी, गडगा, तरवा, पाणंद. प्रत्येकापुढे दोन ओळी. 'गडगा' याच्यापुढे तर, दगड कसे बसवावेत म्हणजे पहिल्या पावसात ढासळत नाहीत, तेही आहे. शेवटची नोंद 'भाजावळ' ही. 'कवळ तोडून वाळवावे, मग शेणी आणि पातेरा यांचे थर देऊन' इथवर वाक्य आले आहे, पुढे कागद कोरा. त्या आठवड्यात त्यांना दवाखान्यात नेले, ते परत आले नाहीत. याला आठ वर्षे झाली.

वही वर्षभर फडताळात होती. मग एका मे महिन्यात मी ती काढली आणि 'मांगर' लिहिले. मग 'व्हाळ'. मी माहेरची देशावरची. यातला एक शब्दही माझ्या बालपणाचा नव्हे. गावी गेले की म्हाताऱ्या बायांना विचारते, आणि त्या आधी हसतात, मग सांगतात. आता 'स' चालू आहे. मधल्या एका दिवाळीत ह्यांनी वही चाळली आणि म्हणाले, "पहिल्या पानावर आता तुझंही नाव घाल की. अर्धी तर तूच लिहिली आहेस."

मी म्हटले, "अहो, पण ती मामंजींची वही आहे."

"मग तू कोण?"

याचे उत्तर मला त्या वेळी आले नाही. पुढे त्या कोशाच्या मुखपृष्ठावरची ती तीन पदे, संपादन करणारा, भर घालणारा, पुढे नेणारा, विद्यार्थिनीने वाचून दाखवली तेव्हा मला ह्यांचा प्रश्न आठवला. पहिले पान अजून तसेच आहे. भाजावळीचे वाक्य मात्र मी निळ्या शाईने पुरे केले. त्यांची शाई काळी आहे, म्हणून कुठे कोण थांबले ते कोणालाही दिसेल.

एन्ड्झेलीन्स हे काही मऊ स्वभावाचे संत नव्हते, हेही सांगून टाकते. भाषेच्या बाबतीत मोठे कडक. 'निरनिराळ्या भाषिक चुका' अशा अर्थाच्या नावाच्या पुस्तिका त्यांनी १९२८ पासून काढल्या आणि लेखकांच्या, वर्तमानपत्रांच्या, कचेऱ्यांच्या जर्मन वळणांवर नि रशियन वळणांवर बोट ठेवले. मला हा माणूस यामुळे अधिकच जवळचा वाटतो. ज्याला चूक दिसत नाही त्याला शब्दाची मायाही फारशी नसते. त्यांचा न्याय मात्र पुस्तकी नव्हता. शेतकरी कसे बोलतो, दाइना काय म्हणते, तिकडे ते बोट दाखवीत.

पुढचा काळ फार वाईट आला. १९४० मध्ये सोव्हिएत सत्ता, १९४१ मध्ये जर्मन, १९४४ पासून पुन्हा सोव्हिएत. १९४४ मध्ये लाखाहून अधिक लॅटव्हियन माणसे पश्चिमेकडे निघून गेली. त्यांत पुरवण्यांच्या कामातली त्यांची साथीदार हाउझेनबर्गा होती, आणि वेल्टा रूके ही दुसरी विद्यार्थिनीही. रूके पुढे स्वीडनमध्ये प्राध्यापक झाली. एन्ड्झेलीन्स एकाहत्तर वर्षांचे होते. ते रीगातच राहिले, आणि आता उरलेले काम एकट्याने करू लागले. १९४६ मध्ये सरकारने लेखनातून काही अक्षरे काढून टाकली. त्यांत एक मऊ 'र' होता, पायाशी छोटी शेपटी असलेला. त्या कोशात हे अक्षर मानाने बसलेले आहे. देशातल्या पाटीपुस्तकांतून ते गेले. परदेशी गेलेल्या लॅटव्हियनांनी मात्र आपल्या पुस्तकांतून पुढे कित्येक वर्षे ते चालू ठेवले. आमच्या शाळेतल्या जुन्या बाई १९६२ च्या नियमांनंतरही पत्रात 'तें', 'केलें' लिहीत, आणि टिंब देताना लेखणी जरा दाबीत. कोणाचे काय बिघडत होते?

तुलना करून भाषांची नाती लावणे हेच त्या वर्षांत सोव्हिएत विद्वानांना गुन्ह्यासारखे वाटू लागले होते. मार नावाच्या पंडितांचे वेगळेच मत तेव्हा वेदवाक्य झाले होते. १९५० मध्ये एन्ड्झेलीन्स यांचे विद्यापीठातले शिकवणे संपले. त्याच वर्षी खुद्द स्टालिनने 'प्राव्दा'त लिहून मारच्या मताला मोडीत काढले, ते वेगळेच. पुढल्या वर्षी ते मोठे व्याकरण लॅटव्हियनमध्ये निघाले, आणि त्याच व्याकरणासाठी १९५८ मध्ये त्यांना लेनिन पारितोषिक देण्यात आले. पंचाऐंशी वर्षांच्या माणसाला त्याचे काय वाटले असेल, हे कल्पनेनेही लिहिण्याचा माझा अधिकार नाही.

त्या वयात त्यांच्यापुढे आणखी एक काम होते. गावे, शेते, वाड्या, ओढे, टेकड्या यांची नावे. १९२२ आणि १९२५ मध्ये त्यांनी लॅटव्हियातल्या स्थलनामांचे दोन भाग काढले होते. आता सगळे नव्याने, सविस्तर मांडायला घेतले. लॅटव्हियात एकेका शेतघरालाही स्वतंत्र नाव असते, आणि लढाईत, सामुदायिक शेतीत ती घरेच पुसली जात होती. पहिला खंड १९५६ मध्ये आला, 'अ'पासून त्यांच्या 'य'पर्यंत. दुसरा खंड 'क'पासून 'ओ'पर्यंत, १९६१ मध्ये. त्याच वर्षी, १ जुलैला, कोक्नेसे गावी ते वारले. वय अठ्ठ्याऐंशी.

त्यांच्या वर्णमालेत 'ओ'च्या पुढचे अक्षर 'प'. कामाला पुढे हात लागायला बरीच वर्षे गेली. सोव्हिएत संघ मोडला, लॅटव्हिया पुन्हा स्वतंत्र झाला, आणि २००३ मध्ये रीगाच्या अभ्यासकांनी स्थलनामांचा पुढचा खंड छापला. माझ्या विद्यार्थिनीने मला त्याच्या पहिल्या पानाचे छायाचित्र पाठवले आहे. त्यातली पहिलीच नावे 'प'ची आहेत.